खेळाडूंची भरती आणि श्रमाचे नाव
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव असे प्रश्न दारात उभे असताना अमेरिकेतील महाविद्यालयांच्या फुटबॉलची चर्चा आपण कशासाठी करावी, ही शंका स्वाभाविक आहे. परंतु माणसाच्या श्रमाला दुसरेच एखादे गोंडस नाव देऊन त्याचा मोबदला आणि त्याचे हक्क दोन्ही कसे नाकारता येतात, हे ज्याला पाहायचे असेल त्याला याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे. म्हणून हा विषय मी निवडला.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. हा फुटबॉल आपल्या मैदानांवर खेळला जातो तो नव्हे. शिरस्त्राण आणि खांद्यांवर चिलखत चढवून अकरा-अकरा जणांचे दोन संघ लंबगोल चेंडूसाठी एकमेकांवर तुटून पडतात, असा हा धसमुसळा खेळ आहे. तो विद्यापीठांत वाढला. १९०५ साली मैदानावरील मृत्यूंची संख्या इतकी झाली की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून समज द्यावी लागली. त्यातूनच १९०६ साली जी संघटना जन्मली ती पुढे राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना, म्हणजे एन.सी.ए.ए., या नावाने सर्वसत्ताधीश झाली. आज मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एका वेळी एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात, आणि तेथे खेळणारी मुले अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची असतात.

या खेळाचा धंदेवाईक संघही आहे, नॅशनल फुटबॉल लीग. परंतु शालेय शिक्षण संपून तीन वर्षे झाल्याखेरीज तो कोणाही मुलाला घेत नाही. या तीन वर्षांत मुलाने जावे कोठे? विद्यापीठाखेरीज दुसरा मार्गच ठेवलेला नाही. म्हणजे धंदेवाईक मालकांना कारागीर तयार करण्याचा खर्च नाही आणि विद्यापीठांना कारागिरांचा तुटवडा नाही. दर वर्षी सुमारे दहा लाख मुले शाळांमधून हा खेळ खेळतात. त्यांतील शंभरांत सात-आठ जण महाविद्यालयीन संघांपर्यंत पोहोचतात, आणि महाविद्यालयात खेळणाऱ्यांपैकी शंभरांत दोघेही धंदेवाईक संघात जात नाहीत. हे प्रमाण एन.सी.ए.ए.च्याच अंदाजातले आहे. ही उतरंड ध्यानात ठेवली म्हणजे पुढचे सारे समजते.

भरतीचे यंत्र

या दहा लाखांतून हव्या त्या मुलांना हुडकून काढण्याच्या उद्योगाला तेथे भरती असेच म्हणतात. मोठ्या विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक देशाची वाटणी करतो आणि प्रत्येक सहायक प्रशिक्षकाकडे एकेक प्रदेश सोपवतो. हा सहायक आपल्या प्रदेशातील शाळा पालथ्या घालतो, शाळेच्या शिक्षकांशी आणि चर्चच्या धर्मगुरूंशी स्नेह जोडतो. मुलाच्या घरी जाऊन बैठकीत बसतो आणि बहुधा मुलापेक्षा आईशीच अधिक बोलतो, कारण निर्णय कोण घेणार हे त्याला ठाऊक असते. ऊसतोडणी कामगारांत काम केलेल्या साथींना गावोगाव फिरून टोळ्या बांधणारा मुकादम येथे आठवल्यावाचून राहणार नाही. फरक इतकाच की मुकादम उचल देतो आणि हा प्रशिक्षक स्वप्न देतो.

आणि हे यंत्र स्वस्त नाही. जॉर्जिया विद्यापीठाने एकट्या फुटबॉलच्या भरतीवर २०२२ च्या आर्थिक वर्षात चाळीस लाख डॉलरहून अधिक खर्च केला. हा पैसा विमानप्रवासावर, मुलांच्या व पालकांच्या पाहुणचारावर गेला. स्वतः मुलांच्या हाती तो जाऊ नये यासाठी मात्र नियमांची जाडजूड पुस्तके होती.

१९६४ पासून २०२४ पर्यंत एक राष्ट्रीय संमतिपत्र प्रचारात होते. ठरलेल्या दिवशी मुलाने त्यावर सही केली की तो त्या विद्यापीठाला बांधला जाई. ज्या प्रशिक्षकाच्या शब्दावर विसंबून त्याने सही केली तो दुसऱ्याच महिन्यात अधिक पगारावर अन्यत्र गेला, तरी मुलाची सुटका नसे. उलट विद्यापीठ किती बांधले जाई? १९७३ साली नियम असा झाला की शिष्यवृत्ती एका वेळी एकाच वर्षाची. नूतनीकरण प्रशिक्षकाच्या मर्जीवर. २०१२ पर्यंत अनेक वर्षांची हमी देण्याची मुभाच विद्यापीठांना नव्हती. मुलाने दुसऱ्या विद्यापीठात जायचे ठरवलेच, तर एक वर्ष मैदानाबाहेर बसण्याची शिक्षा असे. ती २०२१ पर्यंत टिकली. प्रशिक्षकाला असे एक दिवसही बसावे लागले नाही.

प्रदेशाप्रदेशांची कथा

आता हा माल कोणत्या प्रदेशांतून येतो ते पाहू. माल हा शब्द कठोर आहे, पण व्यवहार तसाच आहे. नेब्रास्कासारख्या राज्याची लोकसंख्या वीस लाखांच्या आतबाहेर. तेवढ्या बळावर संघ उभा राहत नाही. म्हणून त्या विद्यापीठाने टेक्सास, कॅलिफोर्निया, फ्लॉरिडा अशा दूरदूरच्या प्रांतांतून मुले आणली आणि १९७० ते १९९७ या काळात पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. खेळाडूंचा नकाशा आणि विद्यापीठांचा नकाशा एक नाही. पहिला नकाशा बराचसा कष्टकऱ्यांच्या वस्त्यांचा आहे.

पश्चिम पेनसिल्व्हेनिया घ्या. हा पोलादाचा व कोळशाचा मुलूख. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील फुटबॉलचे अनेक थोर नायक येथलेच. बीव्हर फॉल्सचा जो नेमथ अलाबामाने नेला, मोनोंगहेला खोऱ्यातील जो मॉन्टाना इंडियानातील नोत्र दामने नेला, ईस्ट ब्रेडीचा जिम केली मायामीने नेला. याच मुलखात अलिक्विपा हे गाव आहे. जोन्स अँड लॉफलिन या पोलाद कंपनीने ते वसवले. घरे कंपनीची, दुकाने कंपनीची, आणि पोलिसांवर वचकही कंपनीचा. माइक डिट्का याच गावात वाढला. टाय लॉ आणि डॅरेल रेव्हिस येथलेच.

परंतु कामगार चळवळीच्या इतिहासात अलिक्विपाचे नाव दुसऱ्याच कारणाने कोरलेले आहे. १९३५ च्या वॅग्नर कायद्याने अमेरिकन कामगारांना संघटनेचा हक्क दिला आणि तो राबवण्यासाठी राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळ नेमले. अलिक्विपाच्या कारखान्याने संघटनेचे काम करणाऱ्या दहा कामगारांना काढून टाकले. मंडळाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. १२ एप्रिल १९३७ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने कायदा वैध ठरवला. अमेरिकेतील संघटित कामगारांचा कायदेशीर पाया त्या दिवशी भक्कम झाला. या दहा जणांना विसरू नका. ते पुढे पुन्हा भेटणार आहेत.

त्यानंतर काय झाले? १९८० च्या दशकात पोलाद कोसळले, भट्ट्या थंडावल्या. १९३० साली सत्तावीस हजारांची वस्ती असलेले हे गाव आज दहा हजारांच्या आत आले आहे. कारखाना गेला, बाजारपेठ ओस पडली. राहिला तो शाळेचा फुटबॉल. बाप ज्या फाटकातून कामावर जाई ते बंद झाल्यावर मुलासाठी उघडे राहिलेले एकच फाटक मैदानाचे होते. अशा गावी विद्यापीठाचा माणूस येतो तेव्हा त्याला फार बोलावे लागत नाही.

दुसरा प्रदेश दक्षिणेचा. येथे वर्गाबरोबर वर्णाचा प्रश्न आहे. १९६० च्या दशकात दक्षिणेतील मोठी विद्यापीठे काळ्या मुलांना संघात घेतच नव्हती. म्हणून टेक्सासमधील बोमाँटचा बबा स्मिथ, नॉर्थ कॅरोलायनातील फेएटव्हिलचा जिमी रे ही मुले शेकडो मैल उत्तरेकडे मिशिगन स्टेट विद्यापीठात गेली. कापसाच्या शेतांतून उत्तरेतील कारखान्यांकडे काळ्या श्रमिकांचे जे महास्थलांतर झाले, त्याचीच ही लहान शाखा. ज्यांना उत्तर लाभली नाही ते काळ्यांच्या स्वतंत्र महाविद्यालयांत जात. लुइझियानातील ग्रॅम्ब्लिंग येथे एडी रॉबिन्सन यांनी १९४१ पासून १९९७ पर्यंत प्रशिक्षक म्हणून काम केले आणि ४०८ सामने जिंकले. ज्यांना गोऱ्या विद्यापीठांचे दार बंद होते अशा मुलांमधून त्यांनी हा इतिहास घडवला.

१९६७ साली केंटकीच्या नेट नॉर्थिंग्टनने दक्षिण-पूर्व गटातील वर्णभिंत प्रथम ओलांडली. सप्टेंबर १९७० मध्ये सदर्न कॅलिफोर्नियाच्या संघाने बर्मिंगहॅम येथे येऊन अलाबामाच्या सर्व-गोऱ्या संघाला ४२-२१ असे हरवले. त्या सामन्यात सॅम कनिंगहॅम या काळ्या खेळाडूने पराक्रम गाजवला. या एका सामन्याने अलाबामाचे मन पालटले, अशी आख्यायिका सांगितली जाते. ती अर्धवट आहे. अलाबामाने विल्बर जॅक्सन या काळ्या मुलाला त्या सामन्यापूर्वीच घेतले होते. शिवाय नागरी हक्कांसाठी ज्यांनी रस्त्यावर मार खाल्ला, न्यायालयात झुंज दिली, त्यांचे श्रेय एका सामन्याला देणे हा इतिहासाचा अपमान आहे.

पण या विजयाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दारे उघडली ती खेळाडूंसाठी. सत्तेच्या खुर्च्या होत्या तेथेच राहिल्या. श्रीमंत विद्यापीठांनी काळ्या वस्त्यांतील उत्तम खेळाडू उचलले आणि काळ्यांची महाविद्यालये त्या गुणवत्तेला मुकली. डिसेंबर २०२१ मध्ये देशातील अग्रगण्य मानला गेलेला ट्रॅव्हिस हंटर मिसिसिपीतील जॅक्सन स्टेट या काळ्यांच्या विद्यापीठात आला, तेव्हा काही काळ आशा पालवली. वर्षभरात प्रशिक्षक डिऑन सँडर्स अधिक मोठ्या पगारावर कोलोराडोला गेले, त्यांच्यामागोमाग हंटरही गेला, आणि २०२४ चा सर्वोच्च पुरस्कार, हाइझमन करंडक, त्याने तेथे मिळवला. त्या मुलाला दोष देता येत नाही. ओढा जिकडे असतो तिकडे पाणी वाहते. प्रश्न उतार कोणी घडवला हा आहे.

तिसरा प्रदेश फ्लॉरिडातील ओकीचोबी सरोवराच्या काठचा. बेल ग्लेड आणि पहोकी ही तेथली दोन गावे. काळीभोर, दलदलीतून निघालेली माती आणि क्षितिजापर्यंत ऊस. १९६० साली एडवर्ड मरो यांनी स्थलांतरित शेतमजुरांच्या दैन्यावर जो गाजलेला दूरदर्शनपट केला, त्याची सुरुवात बेल ग्लेडच्या पहाटेच्या मजूर-अड्ड्यावर होते. अनेक दशके येथला ऊस जमैका व इतर कॅरिबियन बेटांतून तात्पुरत्या परवान्यावर आणलेले मजूर हाताने तोडत. पुढे यंत्रे आली. तोडणीपूर्वी फड पेटवला की ससे सैरावैरा बाहेर पडतात आणि गावची पोरे त्यांच्यामागे धावतात. या पाठलागातून पायांना वेग येतो, असे तेथे अभिमानाने सांगतात. अँक्वान बोल्डिन पहोकीचा, फ्रेड टेलर व सँटोनियो होम्स बेल ग्लेडचे. शर्करेच्या श्रीमंतीतून गावाला फारसे काही मिळाले नाही, म्हणून गाव आपली मुले पाठवते. वर्तमानपत्रे सशांची गोष्ट कौतुकाने छापतात. फड कोणाच्या मालकीचा, हे विचारीत नाहीत.

आणि चौथा प्रदेश पॅसिफिकमधील अमेरिकन सामोआ बेटांचा. १९०० पासून अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या या बेटांची लोकसंख्या पन्नास हजारांहूनही कमी. मोठा उद्योग म्हणजे मासे डबाबंद करण्याचा कारखाना. येथे जन्मलेल्या माणसाला अमेरिकेचे जन्मसिद्ध नागरिकत्वही नाही. परंतु विद्यापीठांचे प्रशिक्षक येथेही पोहोचले आहेत. नागरिकत्व देताना जे बेट दूर असते, ते भरतीच्या वेळी जवळ येते.

नावाची किमया

या मुलांना नाव काय दिले गेले, हा आजच्या भाषणाचा गाभा आहे.

१९५० च्या दशकात कोलोराडो राज्यात दोन दावे लागले. डेन्व्हर विद्यापीठातील एका जखमी खेळाडूला कामगार म्हणून नुकसानभरपाई मिळावी, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली मान्य केले. विद्यापीठांचे धाबे दणाणले. १९५५ साली फोर्ट लुइस महाविद्यालयाकडून खेळताना रे डेनिसन डोक्याला इजा होऊन मरण पावला. त्याच्या विधवा पत्नीने भरपाई मागितली. १९५७ साली त्याच न्यायालयाने ती नाकारली. महाविद्यालय काही फुटबॉलचा धंदा करीत नाही, असा त्याचा आशय होता. याच सुमारास एन.सी.ए.ए.ने एक शब्द घडवला आणि सर्व कागदपत्रांत तो सक्तीने रुजवला: विद्यार्थी-खेळाडू. वॉल्टर बायर्स हे १९५१ पासून १९८७ पर्यंत या संघटनेचे सूत्रधार होते. निवृत्तीनंतर १९९५ साली लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी स्वतःच सांगून टाकले की भरपाईच्या दाव्यांची धास्ती हे त्या शब्दाचे मूळ होते, आणि या साऱ्या व्यवस्थेत त्यांना गुलामांच्या मळ्याची मनोवृत्ती दिसली. ज्याने कुंपण घातले त्यानेच ही साक्ष दिली.

या शब्दाने काय साधले? मुलगा मैदानावर असला की तो विद्यार्थी, म्हणून वेतन नाही. तो वर्गात बसू लागला की खेळाडू, म्हणून सराव आधी. मैदानावर पाय मोडला तर भरपाईचा कायदा लागू नाही. २०१७ साली बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. महाविद्यालयापर्यंतच खेळलेल्या ५३ जणांपैकी ४८ जणांच्या मेंदूत वारंवार आघातांनी होणारा क्षय आढळला. लक्षणे दिसल्यामुळेच बहुतेक कुटुंबांनी हे मेंदू दिले असल्याने सर्वच खेळाडूंना हे प्रमाण लावता येणार नाही. तरी धोका खोटा म्हणता येणार नाही. ही जोखीम मुलाने उचलावी, आणि उत्पन्न?

उत्पन्नाचे चित्र असे. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने दूरदर्शन-प्रक्षेपणावरील एन.सी.ए.ए.ची मक्तेदारी मोडली आणि विद्यापीठांचे गट स्वतःच सौदे करू लागले. २०२२ साली बिग टेन या गटाने सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा करार केला. या पैशाच्या ओढीने भूगोलही वाकला: पॅसिफिकच्या काठची स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया ही विद्यापीठे २०२४ पासून अटलांटिक किनारा असे नाव असलेल्या गटात खेळू लागली! अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन निवृत्तीपूर्वी वर्षाला एक कोटी डॉलरहून अधिक घेत होते. अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर हा राज्यपाल नसतो, कुलगुरूही नसतो. तो एखादा क्रीडा-प्रशिक्षक असतो.

नियम मोडणारेही होते. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या धनाढ्य पाठीराख्यांनी गुप्त निधीतून १३ खेळाडूंना सुमारे ६१ हजार डॉलर वाटले. फेब्रुवारी १९८७ मध्ये एन.सी.ए.ए.ने त्या संघाचा संपूर्ण हंगाम रद्द केला. मग उघड झाले की टेक्सासचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स यांनी विद्यापीठाच्या मंडळाचे अध्यक्ष असताना ही देणी चालू ठेवण्यास संमती दिली होती. देशभर नीतीचा गजर झाला. खोटेपणा निंद्य होताच. पण शिक्षेचा मुख्य विषय काय होता? खेळणाऱ्याला त्याच्या श्रमाचे पैसे मिळाले, हा!

येथे कोणी म्हणेल, शिष्यवृत्ती ही काय थोडी गोष्ट आहे? महागडे शिक्षण फुकट मिळते. हा युक्तिवाद झिडकारण्यासारखा नाही. पोलादाच्या आणि उसाच्या गावांतील कित्येक मुले याच वाटेने पदवीधर झाली, शिक्षक झाली, घराला त्यांनी हात दिला. त्यांच्या कष्टांची थट्टा आपण करता कामा नये. पण प्रश्न दान किती मोठे हा नसून, मोबदला ठरवताना श्रम करणाऱ्याला बोलण्याचा अधिकार आहे की नाही, हा आहे. घरकूल देणारा मालक हे घरच तुझी मजुरी म्हणू लागला, तर आपण काय म्हणतो?

मोजल्या न गेलेल्या मतपत्रिका

हा अधिकार मागण्याचा प्रयत्न २०१४ साली झाला. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न या खासगी विद्यापीठातील संघाचा नायक केन कोल्टर आणि त्याचे सहकारी संघटनेचा हक्क मागण्यासाठी राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाकडे गेले. होय, तेच मंडळ, ज्याच्या अधिकारावर अलिक्विपाच्या दहा कामगारांच्या खटल्याने शिक्कामोर्तब केले. आणि त्यांच्या पाठीशी कोण उभे राहिले? पोलाद कामगारांची संघटना! तिला या मुलांत आपलीच मुले दिसली असतील तर नवल नाही.

त्यांच्या मागण्या ऐका: वैद्यकीय खर्चाची हमी, डोक्याच्या इजांपासून संरक्षण, शिक्षण पुरे करण्याची शाश्वती. कोल्टरला वैद्यकीय शिक्षणाची आकांक्षा होती, पण त्यासाठी लागणारा अभ्यासक्रम सरावाच्या वेळेत येत होता. मंडळाच्या शिकागो विभागाच्या संचालकांनी पुरावे तपासले. हंगामात आठवड्याला ४० ते ५० तास खेळासाठी. दहा वर्षांत विद्यापीठाला फुटबॉलमधून सुमारे साडेतेवीस कोटी डॉलरचे उत्पन्न. त्यांनी निर्णय दिला: हे कामगार आहेत. एप्रिल २०१४ मध्ये खेळाडूंनी गुप्त मतदान केले. विद्यापीठाने वरच्या मंडळाकडे दाद मागितली. पेट्या सीलबंद झाल्या. ऑगस्ट २०१५ मध्ये मंडळाने एकमताने सांगितले की आम्ही या प्रकरणात अधिकारच वापरत नाही. कारण? स्पर्धेतील बहुतेक विद्यापीठे सरकारी, त्यांच्यावर आमची सत्ता नाही. एका संघाला वेगळे ठरवले तर स्थैर्य बिघडेल. हे कामगार नाहीत, असे मंडळ म्हणाले नाही. ती मते कधी मोजलीच गेली नाहीत. कामगार हरले असते तर निदान आपल्या मतांनी हरले असते!

त्यानंतरचे बदल न्यायालयांतून आले. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एन.सी.ए.ए.विरुद्ध निकाल दिला. न्यायमूर्ती कॅव्हनॉ हे काही डाव्या विचारांचे नव्हेत; पण त्यांनीही लिहिले की कामगारांना रास्त दर न देण्याचे संगनमत दुसऱ्या कोणत्याही उद्योगात खपले नसते. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाच्या व प्रतिमेच्या वापराबद्दल जाहिरातदारांकडून पैसे घेता येऊ लागले. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मोठ्या तडजोडीला मान्यता दिली: माजी खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर, आणि २०२५-२६ पासून प्रत्येक मोठ्या विद्यापीठाला खेळाडूंमध्ये सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत वाटण्याची मुभा.

मग लढा जिंकला का? मी म्हणेन, अर्धा. पैसा आला, हा निःसंशय विजय आहे. जे काल गुन्हा होते ते आज कायदेशीर आहे. पण पाहा, वाटपाची कमाल मर्यादा कोणी ठरवली? धंदेवाईक लीगमध्येही वेतनाची मर्यादा आहे. परंतु ती खेळाडूंच्या संघटनेशी सामुदायिक वाटाघाटी करून ठरते. येथे ती वकिलांनी न्यायालयात ठरवली. ज्यांच्या श्रमाची ती किंमत, ते खेळाडू संघटना म्हणून तेथे नव्हतेच. थकबाकीच्या वाटणीत स्त्री-खेळाडूंना फारच थोडे आले म्हणून त्यांच्यापैकी काहींना अपील करावे लागले. ज्याच्या नावाला बाजारात भाव त्याच्या दारी लाखो डॉलर येतात, आणि ज्या धिप्पाड पोराच्या खांद्याच्या आडोशाने तो नायक धावतो त्याचे नाव जाहिरातदाराला ठाऊक नसते. डार्टमथ महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाने मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी संघटनेचा कौल दिला. पण मंडळाचे राजकीय वारे फिरण्याच्या बेतात असल्याने डिसेंबर अखेर त्यांना अर्ज मागे घ्यावा लागला. बाजाराने मोबदला दिला, हक्क दिला नाही. बाजार हक्क कधीच देत नसतो.

साथींनो, आता आपल्याकडे वळून दोनच वाक्ये. नावाची ही किमया आपल्याला अपरिचित नाही. आपली आशाताई कामगार नव्हे, स्वयंसेविका. अंगणवाडी सेविकेला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. २०२२ च्या एप्रिलमध्ये अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, तेव्हा या मानाच्या शब्दाआडचे श्रम थोडे उजेडात आले. अलिक्विपाचा खेळाडू आणि आपली सेविका यांची परिस्थिती एकसारखी नाही, हे मी जाणतो. सेविका प्रसिद्धीच्या झोतात नाही आणि तिच्या नावाला जाहिरातदार विचारणार नाही. पण नाकारण्याची रीत एकच आहे. आधी नाव बदलायचे, मग त्या नावावर बोट ठेवून सांगायचे की कायदा तुम्हाला लागू नाही.

म्हणून कोणताही मोर्चा काढण्यापूर्वी, कोणतेही निवेदन लिहिण्यापूर्वी आपण हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी: या कामाला दिलेले नाव कोणी ठेवले, केव्हा ठेवले आणि कोणता दावा टाळण्यासाठी ठेवले? १९३७ साली दहा पोलाद कामगारांनी आपले नाव परत मिळवले. नॉर्थवेस्टर्नच्या मुलांची मते मोजायची राहिली आहेत. ती कधीतरी, कोठेतरी मोजली जातील. पण न्यायाधीशांच्या औदार्याने नव्हे, तर प्रदेशाप्रदेशांतून वेचून आणलेली ही मुले एकमेकांच्या शेजारी उभी राहून आपण कोण आहोत हे स्वतः सांगतील तेव्हाच.